हुकाखालचा हात

कानात आवाज येतो असं सांगितलं की माणसं हटकून विचारतात, कसला आवाज? जणू आवाज बरा असेल तर असू द्यावा. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचो. दोन गाळे सोडून कुणीतरी ग्राइंडर लावून पत्रा कापतोय आणि तो पत्रा काही केल्या संपत नाही, असा आवाज. डाव्या कानात जास्त, उजव्यात जरा कमी. एवढं सांगितल्यावर समोरचा स्वतःच्या कानात बोट घालून बघतो आणि म्हणतो, मला नाही येत. आता मी नुसतं "टी... असा" म्हणतो आणि विषय बदलतो.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात मी सतरा वर्षं क्रेन चालवली. ट्रकवरची नव्हे, गोदामाच्या छपराखाली रुळांवरून सरकणारी. वर लोखंडी केबिन, चढायला उभी शिडी, खाली ट्रेलर आणि प्लेटांचे गठ्ठे. माझ्या हाताला हलकेपणा होता, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. बारा टनांचा गठ्ठा मी असा टेकवायचो की खालच्या लाकडी ठोकळ्याला पत्ता लागायचा नाही. इतर ऑपरेटर आदळायचे. मला आदळण्याचा राग यायचा, अजूनही येतो. घरात कुणी डबा जोरात ठेवला तरी माझं टाळकं सरकतं.

खाली टोळीचा मुकादम होता तो पुढे माझा मेहुणा झाला. म्हणजे मुकादम आधी आणि बायको नंतर. रोडपालीतल्या गावठाणातलं त्याचं घर. जमीन सिडकोत गेली तेव्हापासून तो बाजारात. दोन वर्षं त्यानं खालून माझं काम बघितलं आणि एक दिवस धाकट्या बहिणीसाठी सरळ मलाच विचारलं. एवढं वजन जो हळू ठेवतो तो घरात आदळआपट करणार नाही, असा त्याचा अंदाज. अंदाज थोडा चुकला, पण बायकोनं भावाला कधी बोल लावला नाही. मी घाटावरचा, म्हणून त्या घरात मी कायमचा "घाटी दाजी". आगरी माणसांत एकदा नाव पडलं की ते पुसत नाही.

आमच्या कामाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण पक्के आहेत. हुक हलतो तो एकाच माणसाच्या हुकमानं. "आरिया" म्हटलं की खाली, "हबेस" म्हटलं की वर. हे बोटींवरचे जुने शब्द, बाजारात कुणी आणले कुणास ठाऊक. हुकूम देणाऱ्यानं मालाला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी मूठ वळून वर धरायची. मूठ म्हणजे थांब. मग ऑपरेटरनं क्रेन चालवायच्या दांड्यांवरचे हात काढून एकदा भोंगा वाजवायचा, आणि भोंगा वाजल्यावरच खालच्यानं हात घालायचा. मूठ, भोंगा, मग हात. सतरा वर्षांत आम्ही दोघांनी हे इतक्या वेळा केलं होतं की भोंगा जवळजवळ उपचारापुरता राहिला होता.

कानातला ग्राइंडर सुरू झाला तेव्हा पहिली अडचण आली ती या शब्दांची. गोदामात आधीच गोंगाट, त्यात माझा खासगी पत्रा. मुकादमाची हाक कानावर पडायची, पण ती आत्ताची की मघाचीच डोक्यात घुमतेय याची खात्री पटेना. एक दिवस मी त्याला म्हटलं, "दादा, नव्या शेडमुळे आवाज फार घुमतो. तू नुसता हात दाखवत जा. तोंडानं काही बोलू नको."

कान गेल्याचं बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही. उलट खूश झाला, आणि दुसऱ्या दिवशी कळंबोलीच्या सर्कलजवळच्या दुकानातून उजव्या हाताचा भडक नारिंगी हातमोजा घेऊन आला. "वरून नीट दिसल तुला," म्हणाला. मोजा त्याच्या हाताला मोठा होता, बोटांची टोकं पुढे लोंबायची. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "दे इकडं, मनगटाला इलास्टिक टाकून देते." त्यानं दिला नाही. ढिला बरा, हाताला वारा लागतो, म्हणाला. वरून मात्र खरंच छान दिसायचा. एवढ्या करड्या पसाऱ्यात तेवढाच एक ठिपका, आणि माझं सगळं काम त्या ठिपक्याकडे बघून चालायचं.

मग गेल्या वर्षी गणपतीच्या सुमाराला डोळ्यांचं सुरू झालं.

पहिल्यांदा गच्चीवर लक्षात आलं. आभाळाकडे बघितलं तर सगळं आभाळ बारीक वळवळत होतं; अँटेनाच्या जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तशा मुंग्या. डोळे चोळले, मुंग्या तिथंच. मग हळूहळू वस्तू मागे राहायला लागल्या. बायको टेबलावरून ताट उचलून न्यायची आणि ताट माझ्यासाठी टेबलावरच असायचं, जरा फिकट, पण असायचं. दोन क्षण, कधी चार. रिक्षा गेली तरी तिच्या मागच्या दिव्याची लाल खूण रस्त्यावर रेंगाळायची. आणि कधीकधी, सांगायलाही लाज वाटते, समोरचं सगळं एकदम लहान आणि लांब व्हायचं. बायको हातभर अंतरावर बसलेली, आणि मला ती मैदानाच्या पलीकडे बसल्यासारखी दिसायची. आवाज मात्र जवळून यायचा. तेव्हा मी चटईची कड घट्ट धरून बसायचो आणि हे जायची वाट बघायचो. वेड लागतंय, दुसरं काय, असंच मला वाटायचं.

बायकोपासून लपलं नाही. एका सकाळी तिनं माझा रिकामा कप उचलून नेला आणि तो नसलेल्या जागी मी हात घातला. ती बघत उभी राहिली. मी हसण्यावारी न्यायला गेलो, तिनं नेऊ दिलं नाही. शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा देवीला काहीतरी बोलेल. तिनं एकच प्रश्न विचारला.

"आणि दादाचा हात?"

मी म्हटलं, केबिनमधून तसं होत नाही. तिथं अंतर असतं, उजेड वेगळा असतो. हे मी इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच पटलं. खरं म्हणजे केबिनमधूनच जास्त व्हायचं. भडक रंगाची वस्तू डोळ्यात जास्त टिकते हे मला तोवर चांगलं कळलं होतं, आणि अख्ख्या गोदामात भडक वस्तू एकच होती. ती त्यानं माझ्यासाठीच आणली होती.

"दादाला सांगा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. दसऱ्यानंतर सांगतो म्हटलं. मग दिवाळी होऊ दे म्हटलं. मग वर्षाची डोळेतपासणी आली. भिंतीवरची अक्षरं मी तळापर्यंत घडाघडा वाचली आणि डॉक्टर म्हणाला, नजर तरुणासारखी आहे. अक्षरं हलत नाहीत, त्यामुळे ती मागे राहत नाहीत. हे त्याला कसं कळणार आणि मी कशाला सांगू. तो कागद मी घरी आणून बायकोपुढे ठेवला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "मी भावाला वर्षाला राखी बांधते. तुमी मला कागद दाखवताव."

त्यावर मी चिडलो. डबा आदळून निघून गेलो.

का सांगत नव्हतो? भीती. दुसरं काही नाही. केबिनमधून खाली उतरलो की मी कोण, हे मला माहीत नव्हतं. वर असताना मला हलका हात होता. खाली मी नुसता कानात आवाज येणारा आणि भलतंसलतं दिसणारा एक माणूस झालो असतो. म्हणून मी स्वतःचे नियम बनवले. मोजा हलला की एक श्वास थांबायचं, मग दांडी ओढायची. आधी एक श्वास, पुढे दोन. माझं काम मंदावलं. खालची पोरं म्हणायची, दाजी म्हातारा झाला. मुकादम त्यांना झापायचा.

मार्च महिना होता. दुपारी छपरातल्या पारदर्शक पत्र्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरतात, तशा वेळेला एक गठ्ठा ट्रेलरवर ठेवायचा होता. मुकादम ट्रेलरच्या पाठीवर चढून उभा. नारिंगी मोजा खांद्याच्या उंचीवर, बोटं खाली, सावकाश हलत. आरिया, आरिया. मी सोडत होतो. गठ्ठा ठोकळ्यांपासून वीतभर वर राहिला होता. मोजा अजून हलत होता. मी सोडत राहिलो.

मग मला दोन मोजे दिसले.

एक खांद्याच्या उंचीवर, आरिया म्हणणारा. दुसरा खाली, गठ्ठा आणि ठोकळा यांच्या फटीत. दोन्ही नारिंगी, दोन्ही माझ्या मेहुण्याचे. मी दोन श्वासांचा नियम केला होता, पण तो एका हातासाठी. दोन हातांपैकी खरा कुठला हे ठरवायला किती श्वास थांबायचं, ते मी ठरवलं नव्हतं. त्याच क्षणी सगळं लहान व्हायला लागलं, ट्रेलर काडेपेटीएवढा झाला, कानातला पत्रा किंचाळायला लागला. मी दांडी सोडली. हात दोन्ही वर केले, कुणी बंदूक रोखल्यासारखे. पण क्रेन जागच्या जागी थांबत नाही, थोडी उतरतेच. गठ्ठा टेकला. नेहमीसारखा, आवाज न करता.

खाली टोळीतले लोक धावले. मी शिडीवरून कसा उतरलो आठवत नाही. मुकादम ट्रेलरवर बसला होता आणि स्वतःच्या उघड्या उजव्या हाताकडे बघत होता. पाचही बोटं होती. मोजा गठ्ठ्याखाली अडकला होता, त्याची रिकामी टोकं बाहेर. ढिला होता म्हणून हात सुटून आला होता. बायकोनं इलास्टिक टाकलं असतं तर, हा विचार मला तिथंच आला आणि मी ट्रेलरच्या चाकाशी ओकलो.

गोदामाचे मालक आले. काय झालं म्हणाले. मुकादम म्हणाला, ठोकळा तिरका होता, तो सरळ करायचा होता. "मूठ दाखवली मी. पन भोंग्यासाठी थांबलो नाय."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "तुला मूठ दिसली?"

"नाही," मी म्हटलं. "मूठ दिसली नाही."

हे खरं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य दुसरं बोललो नाही. मुकादमानं माझ्याकडे बघितलं, क्षणभर गोंधळला, आणि मग मान डोलावली. "दाजीला दिसली नाय म्हंजे मी नीट दाखवली नसल," म्हणाला. टोळीत रीत आहे, हुकावर ज्याची चूक त्यानं हात खाली ठेवायचा. पुन्हा टोळी सांगेल तेव्हाच हुकूम द्यायचा. कुणी काही म्हणायच्या आधी त्यानं स्वतःच हुकूम दुसऱ्याकडे दिला आणि प्लेटांवर खडूनं खुणा करायला जाऊन बसला. ते काम नवीन माणसांना देतात.

आणि मी? मी वर चढलो. दुसऱ्या दिवशीही चढलो, तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. आता खाली जो हात दाखवत होता त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. ते मला माहीत होतं. तो ट्रेलर त्या संध्याकाळीच गेला, पण त्याआधी पोरांनी मोजा ओढून काढून खांबाला लटकवला होता, चपटा झालेला. माझी नजर दर वेळी त्याच्यावर जायची आणि दर वेळी तो माझ्यासोबत दुसरीकडे यायचा. घरी मी फक्त एवढं सांगितलं की दादाचा मोजा गेला. बायकोनं पुढे विचारलं नाही. बहुतेक तिला भीती वाटली.

रविवारी तो जेवायला आला. बायकोनं मांदेली तळली होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. निम्मं जेवण होईपर्यंत तो पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होता. मग बहिणीला त्यानं सगळा प्रकार सांगितला, स्वतःची चूक म्हणून, कुठेही माझ्यावर न ढकलता.

"इतकी वर्सं मूठ चुकली नाय माजी," तो म्हणाला. "मना वाटतं हात थरथरतोय आता. आमच्या बापाचा पन थरथरायचा." आणि त्यानं उजवा हात, भाकरीचं पीठ लागलेला, ताटावर आडवा धरला. "दाजी, तुजी नजर चांगली हाय. बघ. थरथरतोय का?"

मी बघितलं. तो हात दगडासारखा स्थिर होता. तो माणूस चार दिवस खडूनं खुणा करत स्वतःच्या हातावर शंका घेत होता, आणि खात्री करून घ्यायला माझ्याकडे आला होता.

"नाही थरथरत," मी म्हटलं. "मूठ तू दाखवली होतीस, दादा. मला आधीचाच हात दिसत होता. माझ्या डोळ्यात हात मागे राहतो. कानानंही नीट ऐकू येत नाही, म्हणून तुला हात दाखवायला सांगितलं होतं."

तो हात तसाच धरून राहिला. "कदीपासना?"

"गणपतीपासून."

"मना ठाव व्हता," बायको म्हणाली. ती शेगडीकडे तोंड करून उभी होती, गॅस बंद केला होता. "त्यांनी मना सांगितला व्हता. मी तुला नाय सांगितला."

मला वाटलं होतं तो मला मारेल. मारायलाही हरकत नव्हती. पण त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता. "तुला ठाव व्हता," तो हळू म्हणाला, "आनि मी हुकाखाली उबा व्हतो."

त्यानं ताटातच हात धुतला, अर्धी भाकरी तशीच होती, आणि निघून गेला. आमच्या घरात त्यानं ताट टाकून उठण्याची ती पहिली वेळ. मी तिच्याजवळ गेलो तर ती म्हणाली, माझ्या अंगाला हात लावू नका. बरोबर होतं तिचं. मी तिला माझ्या भीतीत सामील करून घेतलं होतं आणि पणाला तिच्या भावाचा हात लावला होता.

सोमवारी मी मालकांना सांगितलं, मग टोळीला सांगितलं, सगळ्यांसमोर. पोरांपैकी कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. मालकांनी मला काढलं नाही, फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे कागद तपासतो. पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या. डोळा चांगला, कानाचा पडदा चांगला, म्हणाले. मेंदू पाहिलेलं आणि ऐकलेलं वेळेवर सोडत नाही. औषध लागू पडेल की नाही सांगता येत नाही. झोप नीट घ्या, भगभगीत उजेड टाळा, सवय होईल. सवय होते. मुंग्या आहेत, ग्राइंडर आहे. रस्ता ओलांडताना मी कुणाच्या तरी मागे राहतो आणि तो निघाला की निघतो.

टोळीनं त्याच आठवड्यात मुकादमाला पुन्हा हुकावर उभं केलं. फाटकावरून मला त्याचा आवाज ऐकू यायचा, तो पुन्हा तोंडानं आरिया म्हणत होता. माझ्याशी बोलत नव्हता. कागदावर सही हवी असेल तर दुसऱ्याला पाठवायचा. घरी तर पाऊल नाही. बायको कामोठ्याच्या बाजारात जाताना मुद्दाम त्याच्या घरावरून जायची. वहिनी बोलायची, तो आतच. एप्रिल गेला, मे गेला, पाऊस लागला. तिनं मला एकदाही बोल लावला नाही आणि त्याचाच मला त्रास व्हायचा.

नारळी पौर्णिमेला तिनं ताट तयार केलं. कुंकू, अक्षता, राखी, नारळी भात. मी म्हटलं, आपण जाऊ या का. ती म्हणाली, नाय, त्यानं यायला पाहिजे, नायतर नको. बारा वाजले, एक वाजला. भात निवला. मी बाहेरच्या खोलीत बसून कानातला पत्रा ऐकत होतो.

दोन वाजता तो आला. चपला काढल्या, पाटावर बसला आणि उजवा हात पुढे केला. तिनं राखी बांधली. गाठ मारताना तिची बोटं थरथरत होती, तिचीच. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग तो उठून माझ्यासमोर आला. मी उभा राहिलो. त्यानं राखीचा हात खांद्याच्या उंचीवर उचलला, मूठ वळली आणि तशीच धरून थांबला. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. या वेळी तो भोंगा वाजेपर्यंत हात हलवणार नव्हता. माझ्या डोळ्यांत आधीचा उघडा पंजा अजून तरंगत होता. मी तो विरेपर्यंत थांबलो, कितीही श्वास लागले तरी. त्याच्या खांद्याला रग लागली असेल, पण मूठ हलली नाही.

"दिसली," मी म्हटलं.

मग त्यानं हात खाली घेतला आणि जेवायला बसला. मला मात्र तो अजून तिथंच दिसत होता, मिटलेला, मनगटावर राखी असलेला.